आबांच्या रक्तातला बाण

आधी एक कबूल करा. मधे हसायचं नाही. हसायचंच असेल तर सगळं ऐकून झाल्यावर हसा, तोवर माझा चहा तरी पिऊन होईल. कारण मी जो घोळ घातला ना, तसा घोळ घालायला नुसतं अज्ञान पुरत नाही हो. त्याला थोडंसं ज्ञान लागतं!

मी काय काम करतो ते माहीत आहे ना तुम्हाला? नाही? बरोबर आहे. माझ्या सख्ख्या मामालाही माहीत नाही. तो सगळ्यांना सांगतो, ‘आमचा नीलेश हॉस्पिटलात कॉम्प्युटर दुरुस्त करतो.’ तर ऐका. नवीन पनवेलच्या एका हॉस्पिटलात मी मेडिकल कोडर आहे. म्हणजे डॉक्टर केसपेपरवर रोगाचं नाव लिहितात आणि मी त्या रोगाला नंबर देतो. विमा कंपनीला नाव नको असतं, नंबर हवा असतो. जगातल्या झाडून सगळ्या दुखण्यांना नंबर आहेत. कुत्रा चावला, नंबर. बदक चावलं, त्यालाही नंबर! आता बदक चावल्यावर माणूस हॉस्पिटलात कशाला येईल, असलं मला विचारू नका.

या धंद्याचा पहिला नियम एकच. रिपोर्ट बघून रोग ठरवायचा नाही. रक्ताच्या रिपोर्टात एखाद्या आकड्यापुढे वर तोंड केलेला बाण असतो ना, तो नुसता बाण असतो. या माणसाला अमुक झालंय, असं डॉक्टरने स्वतः लिहिल्याशिवाय कोडरने तोंड उघडायचं नाही. शंका आली तर जाऊन विचारायचं. आणि ‘असू शकेल’, ‘नाकारता येत नाही’ अशी वाक्यं ओपीडीच्या कागदावर कितीही दिसोत, त्यांना नंबर द्यायचा नाही.

हे सगळं मी ऑफिसात नव्याने आलेल्या दोन मुलींना छाती पुढे काढून शिकवलं. अगदी टेबलावर हात आपटून! आणि त्याच आठवड्यात... पण थांबा. आधी नवगावकर मॅडम.

डॉक्टर रिबेका नवगावकर. आमच्या हॉस्पिटलातल्या सगळ्यात जुन्या फिजिशियन. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, घराण्यातल्या. बहुतेक नातेवाईक कधीचेच इस्रायलला गेले. मॅडम मात्र पनवेलला राहिल्या. मराठी अशी बोलतात की आपण आपलं जरा सावरून बोलावं. आणि त्यांचे केसपेपर! अहो, बाकीच्या डॉक्टरांचे कागद म्हणजे झुरळ शाईतून चालत गेल्यासारखे. आम्ही कोडर दिवसभर ते उलटेसुलटे धरून बघत बसतो. मॅडमचा कागद आला की टेबलावर उजेड पडतो. काय झालंय, कधीपासून, कशामुळे, कशावरून म्हणतो, आणि काय अजून माहीत नाही, तेही स्वच्छ लिहिलेलं. ‘कारण अद्याप कळलेलं नाही’ असं लिहायला त्यांना कधी लाज वाटली नाही. मी तर त्यांचा भक्तच. अशा बाईंच्या हाताखाली इतकी वर्षं काम करणाऱ्या माणसाने काय करावं, तर हे!

माझी सासुरवाडी गव्हाणला. सासरे म्हणजे हरिश्चंद्र घरत, आमचे आबा. उंच, काळेकभिन्न, तरुणपणी कबड्डीतला नावाजलेला गडी. अजूनही घरामागच्या वाडीत अनवाणी उभे राहून मुळा, माठ, वाल असलं काहीतरी पिकवत असतात. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्याआधी रक्त तपासलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "हे जरा फिजिशियनला दाखवून या, मग करू."

संध्याकाळी रिपोर्ट सुजाताच्या मोबाइलवर आला. सुजाता म्हणजे माझी बायको. आमच्या करंजाड्याच्या घरात ती वाटाणे सोलत होती. तिने फोन माझ्यापुढे धरला.

"हे इओसिनोफिल काय असतं रे? बाण वर दाखवतोय. ठळक अक्षरात."

आता खरं उत्तर काय होतं? ‘मला माहीत नाही, मॅडमना दाखवू.’ बस! पण बायकोने आपल्या विषयातला प्रश्न विचारलाय आणि नवऱ्याने ‘माहीत नाही’ म्हणायचं, असा पुरुष तुम्ही पाहिलाय का कुठे?

मी म्हणालो, "पांढऱ्या पेशींची एक जात. थांब, बघून सांगतो." आणि लॅपटॉप उघडून आमची कोडची यादी काढली.

डी-बहात्तर या नंबराखाली इओसिनोफिलियाची, म्हणजे या पेशी वाढण्याची, सगळी भावंडं राहतात. ॲलर्जीमुळे वाढलेल्या इओसिनोफिलला एक नंबर. वंशपरंपरेने वाढलेल्यांना दुसरा. कारण न कळलेल्यांना वेगळा. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण यादी म्हणजे शेंगदाण्यांसारखी असते, एक खाल्ला की हात पुढे जातोच. पुढे होतं हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम. त्याचे पोटप्रकार. ते मी मोठ्याने वाचले! का वाचले मोठ्याने? काय माहीत. भारदस्त वाटलं.

सुजाताने वाटाणे खाली ठेवले आणि त्यातला एक शब्द फोनवर शोधला. मग तिचा चेहराच बदलला.

"नीलेश, हे रक्ताच्या कॅन्सरच्या बाजूला जातंय."

"तसंच असेल असं नाही गं."

"पण असू शकेल?"

आणि मी, कोडरांना धडे देणारा मी, खुर्चीत मागे रेलून हनुवटी चोळत म्हणालो, "नाकारता येत नाही."

संपलं! सुजाता स्वयंपाकघरात गेली आणि तिने आईला फोन लावला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण सासूबाई काय बोलल्या ते फोनशिवायही ऐकू आलं असतं. "अगो माजे बाय!"

रविवारी आम्ही गव्हाणला गेलो. अंगणात पाय ठेवायला जागा नाही, एवढ्या चपला. ओटीवर अर्धा गाव. मधोमध आबा, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खांद्यावर टॉवेल, भिंतीला टेकून ताठ बसलेले. रोगाचं नाव तोवर गावभर फिरून, झिजून, नुसतं ‘फिलिया’ उरलं होतं. "हरीभाऊंना फिलिया झालाय," एक बाई दुसरीला सांगत होत्या, "लय मोठा हाय. जावय हॉस्पिटलात हाय म्हनून तरी कळला."

मला वाट करून देण्यात आली. आबांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं.

"जावय, खरा सांगा. मी घाबरत नाय."

अहो, इथे तरी! इथे तरी मी म्हणायला हवं होतं की आबा, मी नंबर देणारा माणूस, मला यातलं काही कळत नाही. पण अर्धा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. मी घसा खाकरला.

"आबा, अजून तपासण्या व्हायच्या आहेत. तोपर्यंत पथ्य पाळू. मासळी बंद."

ओटीवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

"सुकट?" आबांनी विचारलं.

"बंद."

"कोलंबी?"

"अजिबात नाही."

"वाकटी तरी?"

"आबा, ॲलर्जीचा एक प्रकार असतो, तोही नाकारता येत नाही."

आबांचा चेहरा पहिल्यांदा पडला. मरणाला न घाबरलेला माणूस, पण वाकटीशी गाठ पडली आणि खचला. सासूबाईंनी त्याच दिवशी सुक्या मासळीचा डबा शेजारी देऊन टाकला. मग आबा दुधी आणि मुगाच्या डाळीवर राहू लागले. आणि व्हायचं तेच झालं. जेवण जाईना. चार दिवसांत गडी वाळला. गाव म्हणालं, बघा, फिलिया किती झपाट्याने पसरतोय!

मॅडम एका परिषदेसाठी बाहेरगावी गेल्या होत्या. दुसऱ्या कोणाला दाखवू, असं सुजाता म्हणाली. मीच म्हणालो, नको, दाखवायचं तर मॅडमनाच. तेवढी एक गोष्ट मी बरोबर केली, पण त्यात दिवस गेले, आणि त्या दिवसांत जे झालं त्याला मी जबाबदार.

आबांचा धाकटा भाऊ काशिनाथकाका. दोघांची घरं एका भिंतीला लागून, आणि बोलणं बंद! किती वर्षं? सुजाता शाळेतही जात नव्हती तेव्हापासून. कारण? कबड्डी. शेजारच्या गावाशी अंतिम सामना. आबा शेवटच्या चढाईवर, आणि रेषेवर पंच म्हणून उभा सख्खा भाऊ. आबा दोन गडी मारून परत आले, गावाने गुलाल उधळला, आणि काशिनाथकाकांनी हात वर केला. ‘बाद! पाय रेषेबाहेर पडला.’ गव्हाण हरलं. आबा म्हणत राहिले, पाय आत होता. काका म्हणत राहिले, बाहेर होता. त्यानंतर दोघे जे काही बोलले ते काकांच्या कुत्र्यामार्फत. ‘मोत्या, तुज्या मालकाला सांग, पानी आलाय!’

तर त्या आठवड्यात आबांनी काकांना बोलावणं धाडलं. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो. काका दारात आले. आत येईनात. चौकटीला हात लावून उभे. ओटीवर पुन्हा अर्धा गाव.

आबा उठून बसले. म्हणाले, "काशा, आत ये."

काका आले.

"मी आता काय जास्त दिवसांचा नाय. जावय सांगत नाय, पन मना समजतंय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. "मना एकच सांगायचा हाय. त्या दिवशी पाय रेषेबाहेर पडला होता."

काकांनी मान वर केली.

"टाच लागली होती. मना तेव्हाच समजला होता. तू खरा होतास, काशा. सख्ख्या भावाला बाद द्यायला छाती लागते. ती तुज्यात होती. खरा बोलायची माज्यात नव्हती."

काशिनाथकाका त्यांच्या पायाशी बसले आणि लहान पोरासारखे रडले. सासूबाई रडल्या, काकू रडल्या, सुजाता रडली. मला तर हुंदकाच फुटला. खरं सांगतो, तेव्हा मला आबांचा इतका अभिमान वाटला! मरण समोर दिसलं तर लोक जमीनजुमल्याची बोलणी करतात. या माणसाने काय केलं, तर अख्ख्या गावासमोर स्वतःला बाद दिलं.

फक्त एकच अडचण होती. मरण समोर नव्हतं.

मॅडम परत आल्या त्याच दिवशी आम्ही आबांना घेऊन गेलो. आम्ही म्हणजे आबा, सासूबाई, सुजाता, मी आणि आता क्षणभरही भावाला न सोडणारे काशिनाथकाका. मी हुशारी करून एका कागदावर सगळं टाइप करून नेलं होतं. वर ठळक शीर्षक, ‘हायपरइओसिनोफिलिक सिंड्रोम’, आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. नम्रता म्हणून!

मॅडमनी कागद वाचला. चष्म्यावरून वर बघितलं.

"हे निदान कोणत्या डॉक्टरांचं?"

काशिनाथकाकांनी मोठ्या आदराने माझ्याकडे बोट केलं. "जावयाचा."

मॅडमनी कागदाची घडी घातली, पेपरवेटखाली ठेवली आणि खुर्ची ओढून आबांच्या अगदी जवळ बसल्या. आणि विचारायला लागल्या. अहो, काय विचारणं ते! घाई नाही, धमकावणं नाही. खोकला येतो का? कधी? छातीत शिट्टीसारखं वाजतं का? पोट दुखतं का? अंगाला खाज? कोणती औषधं, कोणता काढा, कोणाचं चूर्ण? दिवसभर काय करता? वाडीत चप्पल घालता का? मुळा उपटला की धुऊन खाता की तसाच?

आबा म्हणाले, "टॉवेलाला पुसतो ना!"

"आणि खत?"

"आमचाच. घरचा."

मॅडमनी मान डोलावली. पोट दाबून बघितलं, छाती ऐकली, पाठीवर स्टेथोस्कोप ठेवून मोठा श्वास घ्यायला लावला. मग म्हणाल्या, "आबा, या पेशी म्हणजे रखवालदार असतात. वाढल्या म्हणजे कोणीतरी आत शिरलंय. कोण, ते आज मी सांगणार नाही, कारण मला अजून माहीत नाही. आधी शौचाची तपासणी करू, छातीचा फोटो काढू. वजन का उतरलं?"

"मासळी बंद हाय ना," आबा म्हणाले.

"कोणी केली?"

काशिनाथकाकांचं बोट पुन्हा वर आलं. या माणसाला पंचगिरीची सवयच!

"आजपासून सुरू करा," मॅडम म्हणाल्या. त्या वाक्यावर आबांनी हात जोडले, तसे त्यांनी देवळातही जोडले नसतील.

रिपोर्ट आला. मॅडमनी सगळ्यांना पुन्हा बसवलं आणि आबांकडे बघून सरळ सांगितलं, "जंत आहेत. छाती ठीक आहे. जंताच्या गोळ्या देते, नंतर रक्त पुन्हा बघू. पेशी उतरल्या की डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या."

"जंत?" सासूबाई.

"जंत."

"म्हंजे फिलिया नाय?" काका.

"फिलिया आहे. पण जंतांमुळे."

आबांनी खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड पुसलं. मला वाटलं, आनंदाने भरून आलं असेल. मग ते सावकाश माझ्याकडे वळले. त्या डोळ्यांत, मोतीबिंदू असूनही, मला माझं भविष्य स्पष्ट दिसलं.

"म्हंजे," आबा म्हणाले, "मी जंतांसाठी रेषा कबूल केली?"

काशिनाथकाका ताडकन उठले. "दादा, आता फिरायचा नाय! जंत असो नायतर काय असो, टाच लागली होती! गाव साक्षीला हाय!"

"काशा, मी मरनार म्हनून बोललो!"

"मंग काय झाला? मरताना मानूस खोटा बोलतो काय?"

मॅडम हसत नव्हत्या. हसू आवरत होत्या. दोघा भावांचा आवाज चढायला लागला तशा त्या आबांना म्हणाल्या, "आबा, सगळ्या गावासमोर आपली चूक सांगणारा माणूस मी फार क्वचित बघते. आमच्या व्यवसायात तर फारच क्वचित. जंत गोळीने जातील. ती गोष्ट मात्र राहू द्या."

आबा विरघळले. एकदा काकांकडे बघितलं, एकदा छताकडे. "टाच जराशी लागली होती," ते म्हणाले. "जराशीच." आणि दोघे भाऊ एकमेकांना धरून बाहेर गेले.

मी मागे राहिलो. खाली मान घालून म्हणालो, "मॅडम, चुकलं."

"नीलेश," त्या म्हणाल्या, "मी ‘कारण माहीत नाही’ लिहिते, त्याला तुमच्याकडे नंबर आहे ना?"

"आहे, मॅडम."

"मग घरी तो का नाही वापरला?"

घडी घातलेला तो कागद त्यांनी मला परत दिला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं! निघताना म्हणाल्या, "त्या वाडीतली भाजी तुम्हीही खाता ना? मग तुमचंही तपासून घ्या."

खातो? दर रविवारी खातो! आबांशी शर्यत लावून, मातीचा मुळा सदऱ्याला पुसून! तपासून घेतलं. तर इओसिनोफिलचा बाण माझाही वर. आणि लाज वाटते सांगायला, आबांपेक्षा वर! मॅडमनी स्वतः तपासून, स्वतः लिहून, मलाही गोळ्या दिल्या. तो कागद कोड करायला आला आमच्याच ऑफिसात, त्या दोन नव्या मुलींच्या टेबलावर. त्यांनी अगदी नियमाप्रमाणे नंबर दिला, कागद शांतपणे पुढे सरकवला आणि मग दोघी एकदमच पाणी प्यायला बाहेर गेल्या.

ही बातमी सुजाताने माहेरी सांगितली. माझी बायकोच ती! आणि आबांनी ती गावाला सांगितली, आपल्या पद्धतीने.

पुढच्या रविवारी सकाळी मी बनियनवर पेपर वाचत बसलो होतो. खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला. मग जिन्यात पावलं, मग बेल. दार उघडतो तर आबा, काका, सासूबाई, काकू आणि मागे गव्हाणचा निम्मा ताफा. कोणाच्या हातात शहाळं, कोणाच्या हातात केळी. चेहरे असे गंभीर की शेजारच्या काकूंनी दार उघडून "काय झालं हो?" म्हणून डोळ्याला पदर लावला. सगळे आत आले. बसायला जागा नव्हती, उभे राहिले. मला मधोमध खुर्चीत बसवलं.

आबा पुढे आले. इस्त्रीचा पांढरा सदरा. तब्येत ठणठणीत, मिशीला वाकटीचा वास. माझ्या खांद्यावर हात ठेवून अतिशय हळुवार आवाजात म्हणाले, "जावय, फिलिया तुमालाही झालाय म्हने. आमी सगले हाव. घाबरू नका. मनात काय असेल तर आज कबूल करून टाका, बरा वाटतो."

सुजाता तोंडात ओढणी कोंबून भिंतीला टेकली होती. मी सगळ्यांकडे बघितलं. म्हटलं, आता काय लपवायचं? उभा राहिलो, हात जोडले आणि मनापासून, अगदी गहिवरून म्हणालो, "मंडळी, मला माफ करा. मी डॉक्टर नाही. मला रोगातलं काहीही कळत नाही!"

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी काशिनाथकाका पुढे आले, समजावणीच्या सुरात म्हणाले, "जावय, ते सगल्या गव्हानाला माहीत हाय. दुसरा काय असेल तर बोला."